चांदी भरलेली दाढ

भाकरीत खडा आला आणि माझ्या खालच्या दाढेतल्या चांदीचा टवका उडाला. लहानपणी भरलेली चांदी इतकी वर्षं टिकली याचं कौतुक करायचं सोडून मी ज्वारी निवडणाऱ्या बाईला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. ती बाई मीच होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्धी रजा टाकली आणि सावेडीतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

"चांदी भरू की पांढरं?" त्यांनी विचारलं आणि दोन्हींचे गुण सांगितले. चांदी दणकट, चावायच्या दाढेला बरी, पण पुढे काळी पडते. पांढऱ्यासाठी दाढ कमी कोरावी लागते, ते दाताला चिकटून बसतं आणि भरलंय हे कोणाला कळतसुद्धा नाही. मला हे शेवटचं आवडलं. जन्मभर मी हसताना तोंडावर हात धरत आले होते, शाळेत पोरी मला काळदाती म्हणायच्या. पन्नाशीत माणसाने एवढी हौस करायला हरकत नाही, असं स्वतःला सांगून मी पांढरं म्हणाले.

त्यांनी उरलेली चांदी काढली, पांढरं भरलं, वर निळा दिवा धरला आणि हातात आरसा दिला. दाढ कधी किडलीच नव्हती अशी दिसत होती. रिक्षातून घरी येताना जीभ सारखी त्या जागेकडे जात होती आणि तिला ती जागा सापडत नव्हती. मी मात्र खुशीत होते.

आई तेव्हा माझ्याकडे असायची. वडील गेल्यावर कर्जतकडची शेती भावाने सांभाळली आणि आईला मी नगरला आणलं. ती विसरायला लागली होती. वार विसरायची, गॅस बंद करायला विसरायची, ताट समोर ठेवलं तरी जेवायचं विसरायची. माणसं मात्र ओळखायची. घास माझ्या हातचाच लागायचा, दुसऱ्या कोणाच्या हातचं ती तोंड उघडून घेत नसे. आधीच हाडं दिसायला लागली होती. तिच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं की बाकी काही चुकलं तर चुकू द्या, हिचं खाणं चुकवू नका.

त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ लसूण सोलत बसले होते. मला जांभई आली. आमच्याकडे कोणी जांभई दिली की शेजारचं मोठं माणूस त्याच्या तोंडासमोर चुटकी वाजवतं. उघड्या तोंडातून बाहेरचं काही आत जाऊ नये म्हणून. आईने हे माझ्यासाठी मला कळायला लागल्यापासून केलं होतं. हल्ली स्वतःचं गाव आठवत नसलं तरी तिचा हात बरोबर वर यायचा.

तेव्हाही आला. माझ्या तोंडासमोर येऊन थांबला. ती वाकून माझ्या तोंडात बघत राहिली. मग तिने हात हळूच मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

"कोन वो तुमी?" ती म्हणाली.

मी हसले. नको होतं हसायला. तिने खुर्ची मागे सरकवली आणि पुन्हा विचारलं, "घरात कशा आला? बाई कुठं हाय माझी?" मला घरात सगळे बाईच म्हणतात.

"अगं आई, मीच बाई."

"आवाज तिचाच काढता तुमी," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुण्याची एखादी कला बघून म्हणावं तसं म्हणाली.

मला ते 'तुमी' लागलं. आई मला पोरी म्हणायची, भवाने म्हणायची, चिडली तर त्याहून वाईट म्हणायची. घरातल्या बाकी सगळ्यांना ती ओळखत होती. शेजारणीला ओळखत होती, दूधवाल्याला नावानं हाक मारत होती. परकी झाले ती मी एकटी.

रात्रीचं जेवण तिने घेतलं नाही. मी घास पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याने बघितलं भरवून. पण तो जावई. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि खाली बघत बसायची, घास घेणं तर लांबच. दुधाचे दोन घोट, एखादं केळं, एवढ्यावर दिवस जायला लागले. तिच्या गळ्याच्या शिरा मला रोज थोड्या जास्त दिसायच्या. ती आता अशीच जाणार आणि मला न ओळखता जाणार, या भीतीने मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे.

एकदा भाजी घेऊन आले तर ती नवऱ्याला हळू आवाजात काही सांगत होती. मी दारातच थांबले.

"दाढ दावायला गेल्ती ती. तिथं लई येळ आ करून पडली असंल. कोनी चुटकी वाजवली नसंल, दुसरं काय. आता हे जे आलंय न्हवं, ते तिचीच साडी नेसतं. तुमी बी जपून ऱ्हावा, जावईबापू."

नवरा एरवी थट्टेखोर, ही दुसरी निघाली तर पहिलीपेक्षा बरी असेल असं म्हणाला असता. त्या दिवशी त्याने मान डोलावली आणि मला बघून गोरामोरा झाला. मी पिशवी आपटली आणि भूतबित सगळं बंद करा म्हणून त्यालाच ओरडले. पण डॉक्टरांच्या त्या खुर्चीत मी तोंड उघडून किती वेळ पडले होते, हे मला आठवायला लागलं. डोळेही मिटलेले होते.

आई हळूहळू माझ्याशी बोलायला लागली, परक्या बाईशी बोलतात तसं. विषय एकच, तिची बाई. बाई लहानपणी गावच्या जत्रेत हरवली होती, असं तिने मला सांगितलं. दिवस कलल्यावर सापडली. कोणीतरी हाताला धरून आणून सोडली. झगा तोच, वेणी तीच.

"पन माजं मन घेईना. म्हनलं, आ कर. मग दाढंतली चांदी दिसली, तवा घरात घेतली."

मला जत्रा आठवते, पाळणे आठवतात, गुळाची गुडीशेव आठवते. हरवल्याचं काहीच आठवत नाही. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो माझ्याहून मोठा, शेतात मोटार चालू करून आला होता, घाईत होता.

"हरवली हुती की," तो म्हणाला. "सापडल्याव लई दिस गप गप हुती तू. आदी अशी न्हवती."

फोन ठेवल्यावर मी आरशासमोर गेले आणि तोंड उघडलं. दात, डोळे, सगळं जागच्या जागी होतं. तरी मला तिथे उभं राहवेना. मी बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला आणि नवऱ्याने विचारलं तेव्हा टॉवेल धुवायचाय म्हणाले.

मग मी पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे गेले. पांढरं काढा आणि चांदी भरा.

"दुखतंय का? ठणका?" 

"नाही."

"मग इतकं छान बसलेलं कशाला काढायचं? चांदी हल्ली कोणी मागून घेत नाही." 

मी त्यांना सांगितलं की आई जेवत नाही. त्यांना त्याचा संबंध लागला नाही, मग मी सगळं सांगितलं. चुटकीचंसुद्धा. त्यांनी हातमोजे घातले. "चकचकीत दिसेल," ते म्हणाले, "काळी पडायला वेळ जातो." चालेल, मी म्हणाले. त्यांनी दाढ कोरायला घेतली तेव्हा मी डोळे उघडे ठेवले.

घरी आले तेव्हा आई खिडकीशी बसली होती. त्या दिवशी तिने सकाळपासून दूधही घेतलं नव्हतं. मी भात वरण कालवलं, लिंबू पिळलं, ताटली घेऊन तिच्यासमोर बसले आणि तोंड उघडलं.

तिने माझी हनुवटी धरली. बोटं थंड होती. माझं तोंड उजेडाकडे वळवून ती बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, झालं, आता पोरी म्हणेल.

"हा दात तिचाच हाय," ती म्हणाली. "घासून उजळवलाय, पन तिचाच हाय. कुठनं काढला तुमी?"

ताटलीतला भात गार होत होता. तिने माझ्या हनुवटीवरचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला, गयावया करावी तसा.

"काढताना लई दुखलं का वो तिला?"

मीच बाई, हे मी तिला इतके दिवस सांगून थकले होते. दर वेळी ती आणखी लांब सरकत गेली होती.

"नाही," मी म्हणाले. "तिला काही कळलं नाही."

"रडली न्हाई?"

"नाही."

"ग्वाड पोर हाय," आई म्हणाली. डोळे पुसून तिने ताटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघत तिने तोंड उघडलं. मी घास दिला. तिने तो नीट चावला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी थांबली. ताटली संपली. पाणी प्यायल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"ती कुठं भेटली तर तिला येवढं सांगा," ती म्हणाली. "म्हनावं, आई जेवली. जिवाला घोर लावून घिऊ नको."

सांगते, मी म्हणाले.