कोशातली थोरली जाऊ

उदाहरणबाईंचा आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. आमच्या गल्लीत ज्या घरी सासूसुनांचं वाजायचं, तिथे शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "त्या कोपऱ्यावरच्या धाकटीकडे बघा जरा! सव्वीस वर्षं थोरल्या जावेबरोबर एका स्वयंपाकघरात काढली, पण तोंडातून ब्र नाही." गल्लीतल्या समस्त सुना तिच्यावर खार खाऊन होत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. इतकी सोशिक बाई शेजारी असली की इतरांचं जगणं कठीण होतं.

मला मात्र हसू आवरायचं नाही. बाईंची भांडणं कुठे जातात हे मला ठाऊक होतं. ती छापून येत होती. जाड पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांखाली.

बाई कोशाच्या कचेरीत कामाला. मीही तिथेच मुद्रितं तपासायचो, आणि राहायचो त्यांच्या समोरच, जिन्यालगतच्या खोलीत. त्यामुळे माझ्या डोळ्यांना कचेरीत आणि कानांना घरी, असं दोन्हीकडे काम होतं. कोश इंग्रजी शब्दांचा. शब्द, त्याचा इतिहास, त्याचे अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली एक इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी. ही वाक्यं रचणं एवढंच बाईंचं काम, म्हणून त्या उदाहरणबाई. आमच्या मुख्य संपादकांना 'मुलगा चेंडू खेळतो' छापाची वाक्यं बघितली की पित्त व्हायचं. "बाई, वाक्यात जीव पाहिजे," ते म्हणायचे. "माणूस दिसला पाहिजे!"

आता बाईंनी माणूस आणायचा कुठून? घरात होतं ते आणलं.

'बॉरो' या शब्दाखाली बघा: 'थोरल्या जावेने मागून नेलेली किसणी अजून परत आलेली नाही.' 'बेअरली'खाली: 'तिने भांडं जेमतेम विसळलं आणि फडताळात ठेवलं.' 'क्लेम'खाली: 'पडदे आपणच शिवले, असा दावा तिने पाहुण्यांसमोर केला.' 'ऑल्वेज'खाली तर काय होतं ते मी सांगत नाही. अजून आमचा एकमेकांकडे चहा होतो.

दोन खंड निघाले. मुख्य संपादक त्या वाक्यांवर बेहद्द खूश. लोकांची पत्रं यायची. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं होतं, की किसणीचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या खंडात कोणत्या शब्दाखाली बघावं? घरात मात्र कुणाला पत्ता नव्हता. कोश घरी असतो तो असण्यासाठी. वाचतो कोण?

वाचते ती, जिला दुसरं काही करता येत नाही.

थोरली ओल्या फरशीवरून घसरली आणि घोट्याला प्लास्टर बसलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे पाय उंचावर ठेवायचा. घरात उशा दोन, त्याही पापडासारख्या चपट्या झालेल्या. तेव्हा आमच्या सोशिक धाकटीने स्वतःच्या हाताने, अगदी मायेने, कोशाचे दोन्ही खंड आणून जावेच्या पायाखाली ठेवले. वर टॉवेलची घडीसुद्धा घातली.

तिसऱ्या दिवशी थोरली कंटाळली. पाचव्या दिवशी तिने वरचा खंड ओढून काढला. ती शाळेत इंग्रजीत बऱ्यापैकी होती, आणि नसती तरी बिघडलं नसतं. खरी फितुरी मराठीनेच केली. इंग्रजीत जाऊ, नणंद, भावजय सगळ्यांना एकच शब्द; तिथे थोरली गर्दीत लपून गेली असती. पण मराठीत तसं चालत नाही. मराठीत नातं सांगितलं की बोट थेट माणसाच्या नाकावर जातं.

संध्याकाळी धाकटी कचेरीतून आली तेव्हा थोरली पलंगावर ताठ बसली होती. पाय खाली, खंड मांडीवर.

"ये. बस. 'बार्गेन' म्हणजे काय गं?"

"घासाघीस, ताई. पाय वर घ्या ना."

"पाय राहू दे. 'थोरली जाऊ मेथीच्या जुडीसाठी भाजीवाल्याला अर्धा तास उभं करते.' ही कोण?"

"कोशातली आहे, ताई."

"कोशात कुठल्या घरातून आली? आणि किसणी? किसणी मी आणून दिली होती! ओट्यावर ठेवली होती, तू कामावर गेली होतीस!"

"असेल," धाकटी म्हणाली. तेच ते, सव्वीस वर्षांचं 'असेल'.

या 'असेल'नेच थोरलीचं डोकं फिरलं. "असेल काय? तोंडावर ताई, ताई, आणि मागून सोनेरी अक्षरं! ऐकून ठेव. तिसरा खंड येतोय ना? त्यात माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य छापून आलं पाहिजे. खणखणीत, सगळ्यांना कळेलसं. नाही आलं, तर या स्वयंपाकघरात भिंत."

दोघींचे नवरे, म्हणजे ते दोघे भाऊ, त्या वेळी एकाच वर्तमानपत्राच्या दोन पानांमागे बसले होते. दोघांनीही पानं जरा वर केली.

थोरली बोलून थांबणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी गवंडी आला, त्याने टेप लावली आणि खडूने रेघ मारली. रेघ अशी आली की शेगडी थोरलीकडे आणि मोरी धाकटीकडे. एकीला शिजवता येईल पण धुता येणार नाही, दुसरीला धुता येईल पण धुवायला काही असणार नाही. खिडकी बरोबर मधोमध चिरली जात होती. थोरला भाऊ हळूच म्हणाला, "मग जेवायचं कुठल्या बाजूला?" त्यावर गवंडी म्हणाला, "ते माझ्याकडे नाही."

धाकटीला भिंत नको होती. का, ते तिने मला जिन्यात सांगितलं. रोज सहा वाजता त्या खिडकीशी दोघी चहा घ्यायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. थोरली बोलायची, ही ऐकायची. "कप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचं का मी आता?" एवढंच म्हणाली आणि वर गेली.

तिसऱ्या खंडाची छपाई सोमवारी सुरू व्हायची होती आणि शुक्रवार उजाडला होता. शब्दांची सगळी कार्डं छापखान्यात गेली होती. एकच अडकलं होतं, 'डिस्कॉर्ड'. ते अडकण्याचं कारण मुख्य संपादक आणि साहाय्यक संपादक. साहाय्यकांचं म्हणणं, यातला 'कॉर्ड' म्हणजे दोरी, तार. तारा जुळल्या नाहीत की डिस्कॉर्ड. मुख्य म्हणायचे, साफ चूक! लॅटिनमध्ये 'कॉर' म्हणजे हृदय, 'डिस' म्हणजे दूर. दूर गेलेली हृदयं, हा मूळ अर्थ. तिथून शब्द फ्रेंचांकडे गेला, मग इंग्रजांकडे. तारेची कल्पना त्याला मागाहून चिकटली. शेवटी मुख्य मुख्य असल्यामुळे जिंकले, आणि योगायोगाने बरोबरही होते. पण या खटाटोपात दोघांची हृदयं दूर गेली आणि साहाय्यक दीर्घ रजेवर गेले.

अर्थ तीन ठरले: माणसांमधली बेबनावाची स्थिती, न जुळणारे सूर, आणि नुसता कर्कश गलबला. म्हणजे वाक्यं तीन. धाकटीला हीच शेवटची संधी.

तिने पहिलं लिहिलं: 'थोरल्या जावेच्या प्रेमळ स्वभावामुळे घरात कधीच बेबनाव नव्हता.'

मुख्य संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, बरं नाही का? ही कोण?"

"जाऊ."

"ही आपली जाऊ नाही. आपली जाऊ मी ओळखतो. ही कुणीतरी भलतीच आहे."

दुसरं लिहिलं: 'जावेच्या मधुर गळ्यातून बेसूर कधी निघत नाही.' तिसरं लिहिलं. सातवं लिहिलं. सगळी परत. दुपारी तीनपर्यंत बाईंनी जावेला इतकं देवाच्या पंक्तीला नेऊन बसवलं, की टंकलेखक म्हणाला, "त्या गेल्या का हो?"

चार वाजता दार ढकलून कुबडी आत आली, आणि कुबडीमागून थोरली. रिक्षा करून, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायला.

"कुठे आहे माझं वाक्य?"

मुख्य संपादकांनी वर पाहिलं. कुबडी पाहिली, धाकटीचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला, आणि उभे राहिले. त्या खुर्चीतून तो माणूस संस्थेच्या अध्यक्षांसाठीही उठत नसे. "म्हणजे किसणीवाल्या त्या तुम्हीच?"

"किसणी मी परत दिली होती!"

"बसा, बसा. अहो, दोन खंड तुमच्यावर उभे आहेत आमचे!" त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, आणि पायाखाली ठेवायला पहिला खंड दिला. हे अगदी सहज झालं, पण थोरलीने खंडाकडे असं पाहिलं की त्यांनी तो काढून स्टूल दिलं.

"आता कुठला शब्द चाललाय?" तिने विचारलं. संपादकांनी सांगितला. हृदयं, दूर, लॅटिन, सगळं. उत्साहात हेही सांगितलं की रोमन लोकांनी या शब्दाची देवीच करून टाकली होती.

"देवी?" थोरली सावरून बसली. "भांडणाची?"

"बेबनावाची."

"तिला जाऊ होती का?"

"तशी नोंद नाही."

"मग कसली देवी!" असं म्हणून तिने टेबलावरचे कागद उचलले आणि आपल्यावरची सातही वाक्यं वाचली. वाचताना तिचा चेहरा उतरत गेला. "प्रेमळ? मधुर गळा? हे माझ्यावर आहे?"

"तुम्हीच सांगितलंत ना ताई, चांगलं लिही."

"चांगलं म्हणजे असं? हे तर सत्काराला लिहून देतात तसलं आहे." मग जरा थांबून, "गळ्याचं मात्र खरं लिहिलंयस. माझं गाणं तुला आवडतंच."

थोरली रोज सकाळी भांडी लावताना गायची. भांडी बरी, असं आमच्या गल्लीचं मत होतं.

धाकटी हातातल्या कार्डाची कड सरळ करू लागली.

"आवडतं ना गं?"

माझ्या हातात मुद्रितं होती, पण मी त्यातली एक ओळ वाचत असेन तर शपथ. धाकटीने कार्ड खाली ठेवलं. पेनाला टोपण लावलं. आणि म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"पहिल्या दिवसापासून नाही!"

"मग सव्वीस वर्षं 'पुढचं कडवं म्हणा ना ताई' कशाला म्हणत होतीस?"

"कडवी संपली की थांबाल म्हणून!"

आणि मग धरण फुटलं. बाईंचा आवाज चढला. असा चढला की खालच्या मजल्यावरचा शिंपी कात्री घेऊन वर आला. किसणी ओट्यावर नव्हती, पाटाखाली होती, आणि तीन वर्षांनी सापडली! पडदे मी शिवले, तुम्ही नुसते लावलेत! विसळलेलं भांडं मी रोज पुन्हा घासते! थोरलीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "आणि तू? आजारी पडलीस तेव्हा नऊ दिवस डोकं कोणी चेपलं? ते कुठल्या शब्दाखाली घातलंस, दाखव! काढ तो खंड!"

धाकटी एकदम थांबली. "नाही घातलं," ती म्हणाली. "ते घालायचं सुचलं नाही."

"का नाही सुचलं?"

"तेव्हा राग आला नव्हता ना, ताई."

थोरलीने खंडाकडे रोखलेलं बोट मागे घेतलं. संपादक खाली मान घालून भराभरा पेन्सिल चालवत होते. त्यांच्याकडे तीनही अर्थांना वाक्यं झाली होती आणि चौथ्या अर्थाची सोय करता येईल का, असा विचार ते करत असावेत.

"काय लिहिलंत?" थोरलीने दरडावलं. "वाचा!"

त्यांनी वाचलं. पहिलं: 'दोन्ही जावांत बेबनाव होता, पण तो धाकटीने सव्वीस वर्षं थोरलीला कळवला नाही.' दुसरं: 'थोरली जाऊ गाऊ लागली, की घरातली भांडीसुद्धा तिच्याशी सूर जुळवायला नकार देत.' तिसरं कचेरीतल्या गलबल्याचं होतं. त्यात शिंपी आला.

थोरलीने दुसऱ्या वाक्यापाशी हात वर केला. "हे बारा शब्दांपेक्षा जास्त नाही का हो? हिच्या तोंडून ऐकलंय, बाराच्या वर चालत नाहीत."

संपादकांनी मोजले. तेरा होते. "'सुद्धा' तोडून मोजलं तर," ते म्हणाले.

"'तिच्याशी' काढा. कळतं तेवढं." आणि कुबडी सावरून उठली. "पहिलं तसंच राहू दे. खरं आहे."

दोघी एकाच रिक्षाने गेल्या. मी मागच्या रिक्षात होतो, तो निव्वळ योगायोग. घरात गवंड्याने विटांचा पहिला थर लावून ठेवला होता, आणि दोघे भाऊ थराच्या दोन बाजूंना एकेक स्टूल घेऊन जेवायच्या जागेची चाचपणी करत होते.

"काढा ते," थोरली म्हणाली.

गवंडी म्हणाला, "वाक्य आलं का?"

"तीन आली. एकही चांगलं नाही."

"मग भिंत तर घालायलाच पाहिजे ना?"

"वेडा आहेस का? मधे भिंत घातली तर हिला माझं दिसणार काय, आणि ही लिहिणार काय? अजून 'ई'पासून सगळं बाकी आहे!"

धाकटी चहाचं आधण ठेवत होती. ती मागे न वळता म्हणाली, "विटा काढल्या की फरशी तुम्ही पुसायची, ताई. भिंत तुमची होती."

"माझा पाय प्लास्टरमध्ये आहे!"

"हाताला काही झालेलं नाही!"

माझ्या जिन्यातून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. समोरच्या घरची सासू धावत गॅलरीत आली. "अहो, हा आवाज कुणाचा? धाकटीचा?" म्हटलं, होय, तिचाच. ती बाई कठड्याला टेकली, आत वळून सुनेला हाक मारली, आणि म्हणाली, "ये गं लवकर, सुटलो एकदाचे!"