निशिकांत साहेबांची चुकलेली बस

उल्का देवस्थळी सिंगापूरला रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत अकाउंटंट होती. २००४ साली तिचे वडील पुण्यात वारले, तेव्हा तिचे साहेब निशिकांत यांनी रजा नाकारली. "क्वार्टर एंडचे हिशेब आहेत. तू गेलीस म्हणून ते उठून बसणार आहेत का?" उल्काने पुढे नोकरी बदलली, पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

तीन वर्षांनी सिंगापूरच्या मराठी मंडळींची फ्रान्सची सहल निघाली. त्या सहलीत निशिकांतही होते. एका जुन्या सरदाराच्या महालातलं म्युझियम पाहून सगळे बागेत पांगले. पट्टीने आखल्यासारख्या हिरव्या कुंपणांमुळे तिथे चारही दिशा सारख्याच दिसत होत्या. निघायच्या वेळी निशिकांत गोंधळून उभे होते.

"उल्का, बस कुठल्या गेटला?"

तिने शांतपणे उलट्या दिशेला, तळ्यापलीकडे बोट दाखवलं. बसमध्ये गाइडला सांगितलं, "ते ट्रेनने येताहेत."

हॉटेलात जेवणं चालू असताना ते घामाघूम होऊन आले. "तू मुद्दाम चुकीचं सांगितलंस!"

"हो, मुद्दाम. तुमची नुसती बस चुकली. माझं बाबांचं अंत्यदर्शन हुकलं होतं."

निशिकांत तसेच खोलीत निघून गेले. उल्काने सूप आणखी वाढून घेतलं.