बोडीच्या वाटेवर काचकारखान्याची भिंत

सरपंचबाईनं मले फसवलं. राम राम मंग, ग्रुपवाल्यांनो.

काचेच्या बाटल्यांचा कारखाना मंजूर व्हायचा होता, तवा ते माह्या ओट्यावर येऊन म्हणाली, "आजी, बोडीच्या तळ्याची वाट सोडूनच भिंत बांधतील." तिच्या भरवशावर मी ग्रामसभेत मासे धरणाऱ्या साऱ्या बायकांचे हात वर करवले.

आज सकाळी आम्ही जाळे घेऊन गेलो, तं वाटेवरच भिंत. गेटवरचा म्हणे, "पास दाखवा." मी म्हटलं, "मासोळ्या पास पाहून जाळ्यात येतात काय रे?"

तो हासला. बायका नाही हासल्या. मलेच म्हणाल्या, "हात तं तूच वर कराले लावले!"

खरं आहे.

आता सरपंचबाईनं इथंच लिहावं, वाट कवा उघडते. तिनंच लिहावं, तिच्या नवऱ्यानं नाही.