तीन तासांवर दुबई

माणूस घरी असला की किस्से घडतात आणि विसरले जातात. तो लांब गेला की साठतात, न झाडलेल्या घरातल्या केरासारखे! चिखल्याच्या खाणीतलं फिटरचं काम सोडून आमचे हे दुबईला गेले, तेव्हापासून माझ्याकडे ढीग झालाय. ऐकायला शेजारच्या यमुनाबाई आणि माझी सुमी, हे गेले तेव्हा साडेतीन वर्षांची.

*

निघताना हे म्हणाले, "घाबरतं कायले? मुंबईहून विमानानं तीन तास! हाक मारली का आलोच!"

आमच्याकडे गेलेला माणूस पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. एजंटनं यांना मुंबईतच लटकवलं. पोचल्याची तार आली नवव्या दिवशी!

तोवर मी केराला हात लावला नाही. यमुनाबाई दारातूनच म्हणाल्या, "आता धानच पेर व इथं!" सुमी रोज विचारायची, "आई, काहून नाही झाडत?" मी सांगायची, "बाबा पोचायचाय."

तार आली. मी झाडू उचलला तशी ती त्याला लटकली. "झाडू नको लावू व आई! बाबा दूर पोचून जाईन!"

*

पहिलं पत्र आलं. "नऊले उडालो, साडेदहाले उतरलो."

यमुनाबाई म्हणाल्या, "दीड तासात? इतक्यात तं तुमसरची येष्टी बी पोचत नाही!"

मी समजावलं, तिकडचं घड्याळ दीड तास मागं असतं.

"मंग तो दीड तास गेला कुठी?"

मी मॅट्रिक पास! तरी बोटांवर तास मोजत बसले. संध्याकाळी दिवा लावताना मात्र रोज वाटतं, त्यांच्याकडे अजून ऊन असेल.

*

एकदा शाळेतला जुना नकाशा काढला. चिखला त्यात नव्हतंच. मुंबईपासून दुबईपर्यंत दोरा ताणला. यमुनाबाईंनी तो बोटांवर मोजला. "तीन बोटं तं हाय! रडून कायले राहिली?"

त्यांचा नवरा खाणीत खाली उतरतो. मग म्हणाल्या, "माहा तं पायाखालीच हाय. तरी भोंगा होयेस्तोवर घास उतरत नाही."

तो दोरा मी जपून ठेवला. पुढं त्यानंच सुमीच्या फ्रॉकचं बटण लावलं, एवढी माझी निष्ठा!

*

सुमीला गोवर निघाला. मी हाक मारली, म्हणजे पत्र टाकलं. महिन्यानं उत्तर आलं, "ताबडतोब डॉक्टरले दाखव!"

ते वाचलं तेव्हा सुमी अंगणात दुसऱ्या पोरीच्या झिंज्या ओढत होती.

*

दीड वर्षानं हे सुटीवर आले. सुमी दोन दिवस जवळ गेली नाही, मग खांद्यावरून उतरेना.

परत निघताना, या खेपेला तिकीट हातात होतं. "शनिवारी नऊचं विमान. बारा वाजले का बिनधास्त झाड!"

शनिवारी बाराच्या ठोक्याला मी झाडू शोधला. कोपऱ्यात नाही, दारामागं नाही. सुमी भिंतीला टेकून बघत होती. बाजाराच्या दिवसापर्यंत फडक्यानंच भागवलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. यमुनाबाई आणि सुमी समोर बसल्या, मी मोठ्यानं वाचलं.

"सुखरूप पोचलो. पण बॅगेच्या तळाशी, लुंगीत गुंडाळलेला आपला थोटा झाडू निघाला. खोलीतले सारे हसून राहिले. कोनं ठेवला?"

यमुनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

सुमीनं माझा हात हलवला.

"मंग बाबा पोचला?"