लाळघोटेपणा आणि शेजारचा कोंबडा

आता हसू नका हं, चहा सांडेल! माझ्या लेकीचं लग्न एका कोंबड्यापायी मोडता मोडता राहिलं, आणि तेही माझ्या तोंडामुळे.

रूपासाठी वडूजजवळच्या एका गावातलं स्थळ आलं होतं. मुलगा फौजेत, माणसं चांगली, रूपाच्या तर मनातच भरलेला. आम्ही तिघं विश्रामबागेतल्या आमच्या घरून त्यांचं घर बघायला निघालो. वाटेत मी ह्यांना बजावलं, "मुलीकडचे असलो म्हणून काय झालं? तिथं लाळघोटेपणा करायचा नाही."

मागून रूपा म्हणाली, "लाळघोटेपणा म्हणजे नेमकं काय गं, आई?"

"समोरच्यानं तोंड उघडायच्या आत 'हो हो' म्हणायचं. मनात नसलेलं गोड गोड बोलायचं. आपल्या घरात हा शब्द वापरायची वेळच येत नाही बघ!"

काय तो माझा ताठा!

खूण सांगितली होती, देवळामागचं निळं दार. निळं दार दिसलं, आम्ही आत. फेटेवाल्या आजोबांनी "या, बसा" म्हणत घोंगडं अंथरलं. आमच्याकडे गावात चहापाणी झाल्याशिवाय पाहुण्याला 'कोण, कुठले' विचारत नाहीत. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही!

मी मात्र सुरू झाले. घर किती हवेशीर! म्हैस किती देखणी! अहो, म्हशीच्या पापण्यांचंसुद्धा कौतुक केलं मी!

आजोबा म्हणाले, "समदं झ्याक हाय, पर शेजार लय वंगाळ. त्येंचा कोंबडा येळ न्हाई, वकत न्हाई, नुसता आरडतोय."

"असल्या कोंबड्याला कापायलाच पाहिजे!"

"आन् मालकिणीचा आवाज कोंबड्याच्या वर!"

"बाई गं! अशा बाईच्या घरी कोण मुलगी देईल?"

हे खोकले. रूपाने चिमटा काढला. मी थांबते कुठली?

कप खाली ठेवल्यावर आजोबांनी विचारलं, "मग पावनं, कुनाकडं आलाय?"

ह्यांनी नाव सांगितलं. आजोबा खदाखदा हसले आणि त्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. "त्येंचं दार बी निळंच हाय. एकाच डब्यातला रंग!"

आम्ही तसेच उठून बाहेर आलो. शेजारच्या दारात विहीणबाई पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. चेहऱ्यावरची रेष हलेना. रूपा रडवेली. आता स्थळ वाचवायचं कसं? मी घाईघाईने म्हणाले, "तुमचा कोंबडा काय गोड आरवतो हो! ऐकून मन कसं प्रसन्न झालं!"

"कवा ऐकला?"

"आत्ताच की, येताना!"

"आवं, त्यो सकाळीच कापलाय. तुमच्यासाठनं चुलीवर शिजतोय. आन् कापायलाच पायजे म्हनला न्हवं तुमी? आवाज मोठा हाय माझा, तसं कान बी हायेत!"

एवढं बोलून त्या रूपाकडे वळल्या. "काय गं पोरी, तुजी आई कायम अशीच बोलती?"

"नाही हो, एरवी फटकळ आहे. आज माझ्यासाठी एवढं गोड बोलतेय."

विहीणबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की भिंतीपलीकडची ती देखणी म्हैस दचकून उभी राहिली. "पोरगी पसंत!"

जेवायला बसलो. रस्सा असला जहाल, की माझ्या नाकाडोळ्यांतून धारा! विहीणबाईंनी विचारलं, "कसा झालाय?"

मी कौतुकाला तोंड उघडलं, आणि रूपाने त्यात भाकरीचा तुकडा कोंबला.