रादोइकाचे डूल

रादोइका, मेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे, हे मला ठाऊक आहे. पण बसस्थानकाच्या खांबावर तुझ्या निधनाचा कागद लागलाय, त्यावर नुसतं ‘निवृत्त परिचारिका’ एवढंच छापलंय. मला राग आला.

तीस वर्षं तू या गावात घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि बाळं तपासलीस. पायात पुरुषी बूट, खांद्यावर पिशवी, पिशवीत वजनाचा काटा. ‘कॉफी नको’ म्हणायचीस आणि दोन कप प्यायचीस. बाळ हातात घेण्याआधी चष्मा आणि कानातले डूल काढून टेबलावर ठेवायचीस. मग बाळापासून दोन वीत अंतरावर चेहरा नेऊन, अवाक्षर न बोलता, हळूहळू इकडून तिकडे. “चकाकणाऱ्या वस्तूकडे मांजरही बघतं,” म्हणायचीस. “हे माणसाकडे बघतं का, ते मला बघायचंय.”

आमची रीत नेमकी उलटी. बाळ बघायला आलेल्याने चेहऱ्याकडे टक लावायची नाही. ‘काय घाणेरडं कार्टं’ म्हणत तीनदा थू थू करायचं आणि भिंतीकडे बघायचं. कपाळाला काजळी, मनगटाला लाल दोरा. मी बेलग्रेडला शिकलेली, स्वतःचं औषधाचं दुकान चालवणारी, पण नातवाच्या बाबतीत यातलं काही सोडलं नाही.

रेल्या चेरीच्या दिवसांत जन्मला. दोन महिन्यांचा असताना तो तुझ्या तोंडाकडे बघत राहिला होता. मी तिथेच होते. पाचव्या महिन्यात तू आलीस तेव्हा तो टेबलावरच्या डुलांकडे बघत होता, खिडकीच्या चौकटीकडे, तुझ्या केसांच्या कडेकडे. डोळ्यांवर नजर टेकायची आणि लगेच घसरायची. तू तीनदा करून पाहिलंस. मग माझ्या सुनेला, दुन्याला, समोर बसवलंस. तिच्याकडेही तसंच.

मला हे नवीन नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, पोर मोठं शहाणं, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, याला कुणाची दृष्ट लागायची नाही. आणि मी खूश व्हायचे.

तू म्हणालीस, “झागोर्का, हा चेहऱ्यावर थांबत नाही. आधी थांबायचा.”

“त्याला तुझा चेहरा आवडत नसेल. मलाही नाही आवडत.”

तू हसली नाहीस. “कदाचित काहीच नसेल. नाव द्यायचं काम माझं नाही. पण निश शहरातल्या डॉक्टरीणबाईंना एकदा बघू दे.”

दुन्याचा चेहरा पांढरा पडला. मी तुझी पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. तू चष्मा घातलास आणि निघालीस. फाटकापाशी पोचलीस तेव्हा मी ओरडले, डूल राहिलेत.

“राहू देत. गुरुवारी सहाच्या बसने मी निशला चाललेय. बाळाला घेऊन ये, तेव्हा दे.”

गुरुवारी मी पाचला उठले. कोट घातला, डूल रुमालात बांधले. पण शनिवारी आमच्या घराण्याच्या संताचा सण, चाळीस माणसं जेवायला. सणाच्या तोंडावर पोराला डॉक्टरकडे नेलं तर गावभर बोभाटा. मी कोट काढला. दुन्याला सांगितलं, रादोइका म्हातारी झालीये, तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. तिने माझं ऐकलं; ती माझंच ऐकायची. नंतर ड्रायव्हरने सांगितलं, तू दारात पाय रोवून पाच मिनिटं बस थांबवली होतीस.

सणाच्या दिवशी रेल्या सगळा वेळ मेणबत्तीकडे बघत होता. पाहुणे म्हणाले, पाद्री होणार. त्या हिवाळ्यात तू लेकीकडे व्हिएन्नाला गेलीस.

साडेतीन वर्षांनी आम्ही निशला गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पहिल्यांदा कधी जाणवलं? दुन्या म्हणाली, तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा. मी तिच्या बुटांकडे बघत राहिले. ती खरंच विसरली होती की मला सांभाळून घेत होती, ते मी आजवर विचारलेलं नाही. तिला बाहेर पाठवून मी विचारलं, पाचव्या महिन्यात आणला असता तर? बाई म्हणाल्या, त्या वयात खात्रीने कुणीच सांगत नाही; कमी बघणारी कित्येक मुलं पुढे ठीक असतात. लक्ष ठेवलं असतं, आईला त्याच्याशी कसं खेळायचं ते शिकवलं असतं. मला चार शिव्या हव्या होत्या. बाईंनी ऑटिझमचं माहितीपत्रक दिलं.

आता रेल्या नऊ वर्षांचा आहे. बसच्या सगळ्या वेळा त्याला पाठ आहेत, सहाचीही. मागच्या वर्षी एकदा मी तुझे डूल कानात घातले. तो जवळ आला, दोन वीत अंतरावर, आणि कितीतरी वेळ बघत राहिला. डुलांकडे. मी ते काढून टेबलावर ठेवले तर तो टेबलापाशी गेला.

तुझी लेक उन्हाळ्यात गावी आली होती, तेव्हा तिच्याकडून मी व्हिएन्नाचा पत्ता घेतला होता. डूल पाठवायचे, सोबत दोन ओळी. डबीही आणली. ओळी काही जमेनात, आणि नुसते डूल पाठवणं बरं दिसेना. तेवढ्यात खांबावर कागद लागला. डूल त्याच रुमालात आहेत.