वडिलांनी पकडून दिलेली भाजी

माझे वडील वसईकडच्या आमच्या फुलपाड्यातल्या चार मजली इमारतीचे सेक्रेटरी होते, आणि पोलिसांवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा खुद्द पोलिसांचाही नसावा. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांमागे पोरं गर्द ओढतात असं जो तो बोलायचा. चौकीने शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली आणि वडील तिथून गांजाच्या पानाचं मोठं चित्र असलेलं पोस्टर घेऊन आले. जिन्याखाली पाण्याच्या वेळांच्या पाटीशेजारी ते त्यांनी स्वतः चिकटवलं. खाली लिहिलं होतं, 'संशय आल्यास ताबडतोब कळवा.' त्यातलं 'ताबडतोब' त्यांनी फारच मनावर घेतलं.

तळमजल्यावरचे काका त्यांना मुद्दाम चिडवायचे. "देशी दारूच्या दुकानावर सरकारमान्य म्हणून पाटी लागते, शिवरात्रीला भांग चालते, मग गांजाही सरकारनेच विकावा. हप्ते तरी बंद होतील." यावर वडील म्हणायचे, "उद्या चोरांनाही परवाने द्या म्हणाल." दोघांचं जिन्यात रोज वाजायचं आणि मग आमच्याकडे चहा व्हायचा. चहा देताना आई एकच सांगायची, "पोलीस दारात आला की लोक आधी बघून घेतात, कारण मागनं विचारतात. त्यांना लांबच राहू द्या." तिला खरंच भीती वाटायची. सोलापूरकडच्या तिच्या गावात एका शेजारणीला फक्त चौकशीला नेलं होतं, तर पुढे तिच्या मुलीचं लग्न जमेना.

गणपती होऊन गेले होते. एका रविवारी वडील टाकीचा पाइप बघायला गच्चीवर गेले आणि घरी आलेच नाहीत, परस्पर चौकीवर गेले. टाकीमागे तेलाच्या डब्यांत लावलेली कमरेएवढी झाडं त्यांना दिसली होती. पानं बोटांसारखी फाकलेली, अगदी पोस्टरवरच्यासारखी.

तासाभराने ते हवालदाराला घेऊन आले तेव्हा वरात आल्यासारखी अर्धी इमारत मागोमाग गच्चीवर गेली. मी आणि आईही गेलो. आईचे हात कणकेने भरलेले होते. हवालदार खाडीकडच्या गावातला, शांत माणूस. वडिलांनी भिंतीवरून सोडवून आणलेलं पोस्टर त्याने पानाशेजारी धरून बघितलं आणि विचारलं, "ही कोनाची झाडं?"

"माझी," आई म्हणाली.

वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू येत होतं, तरी मी आईचा पदर धरला.

"अंबाडी हाय ती, दादा. भाजी. आमच्या गावाकडं रोज खात्यात." घाबरली की आई गावाकडचं बोलायची.

"अंबाडी? तो तर वसईला रोड हाय," हवालदार म्हणाला. लोक हसले. मग तो जरा ओशाळून म्हणाला, "ताई, मला यातलं कायच कलत नाय. तुमी चौकीवर चला. साहेब बघतील, लगेच सोडतील."

आता कोणी हसलं नाही. आईने हवालदाराकडे बघितलंच नाही, ती वडिलांकडे बघत होती. वडील चिपळूणचे, मासे-भात खाऊन वाढलेले. सासुरवाडीला ताटात पडलेली अंबाडी त्यांनी 'शिजवलेलं गवत' म्हणत खाल्ली होती, पण तिचं पान कधी पाहिलं नव्हतं. ते असं नावं ठेवायचे म्हणून तर आईने भावाकडून बी मागवून टाकीमागे गुपचूप लावली होती. आता वडील म्हणतील, चल, खरं आहे तर भीती कसली. मला खात्रीच होती. नेहमी तेच म्हणायचे ते.

आईने एक पान तोडून तोंडात घातलं. दुसरं हवालदारापुढे धरलं. तो दोन पावलं मागे सरला. "मी ड्यूटीवर हाय, ताई."

तेव्हा वडील पुढे झाले. आईच्या हातातलं पान त्यांनी घेतलं आणि सगळ्यांदेखत खाल्लं. आंबटपणाने त्यांचा एक डोळा मिटला. "माझ्या सासुरवाडीची भाजी आहे," ते म्हणाले. "चूक माझी. हिला कुठेही नेऊ नका. साहेबांना काय सांगायचं ते मी येऊन सांगतो."

काकांनी टाळी वाजवली. हवालदाराने जरा विचार करून एक पान तोडलं, चावलं, आणि म्हणाला, "आमटीत चांगली लागंल." मग साहेबांसाठी त्याने दोन डहाळ्या घेतल्या आणि वडिलांना तिथेच राहायला सांगून तो एकटाच जिना उतरला.

दुपारी आईने तांदळाच्या कण्या घालून अंबाडी केली आणि वर लसणाची चरचरीत फोडणी ओतली. वडील खाली मान घालून जेवत होते. 'गवत' म्हणाले नाहीत, उलट पुन्हा मागितली.

वाढता वाढता आई म्हणाली, "उन्हाचं चौकीपर्यंत चालत गेलात. मी इथंच होते की, ओट्यापाशी. मला विचारायचं होतंत."

वडिलांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी ताट जरा सरकवलं आणि आईला म्हणाले, "बस. तुझंही ताट घे."